मोझांबिक असा वाचा: लढून मिळवलेला देश समजून घ्यायची माझी पद्धत

आपल्याकडे तुरीचं पीक कमी पडलं की बातम्यांत एक नाव हमखास येतं, मोझांबिक. २०१६ साली भारत सरकारने त्या देशाशी तूर घ्यायचा करारच केला, पहिल्या वर्षी एक लाख टन आणि पुढे वाढवत वाढवत दोन लाख टन, म्हणजे तुमच्या-माझ्या वरणात तिकडची डाळ कधी ना कधी पडलेलीच आहे. पण या देशाबद्दल चार वाक्यं बोला म्हटलं तर आपली दातखीळ बसते, माझीही बसायची. आमच्या शेजारी एक काका राहायचे, मूळ गोव्यातल्या बार्देशचे पण लहानपण सगळं तिकडे लोरेन्सो मार्किशला गेलेलं (म्हणजे आजचं मापुतो), ते जुन्या गोष्टी सांगायला लागले की माझं अर्धं डोक्यावरून जायचं, म्हणून शेवटी वाचायला घेतलं आणि पहिले दोन महिने अक्षरशः वाया घालवले.

कारण मी सुरुवात चुकीच्या टोकाने केली. कुठली चकमक कधी, कोण कुठे मेला, कुठला करार कुठे झाला, अशी वही भरवत बसलो आणि वही भरल्यावर लक्षात आलं की यातून देश काही कळला नाही. मग एक पद्धत जमली, तीच इथे सांगतोय. कॉलेजात आफ्रिकेचा पेपर असेल, प्रोजेक्ट असेल किंवा नुसतीच हौस असेल, चार-पाच संध्याकाळी काढल्या तर पुरे.

मोझांबिक ही पोर्तुगीजांची वसाहत, १९६४ पासून दहा वर्षं लढून १९७५ ला स्वतंत्र झालेली. पद्धतीचं सगळं सार एकाच गोष्टीत आहे, ती आधीच सांगून टाकतो. लढाई कोणी जिंकली हे गौण धरा. दहा वर्षं जंगलात राहून लढणाऱ्यांना कुठल्या सवयी लागल्या ते शोधा, आणि मग तेच लोक राजधानीत खुर्चीवर बसल्यावर त्या सवयींचं काय झालं ते बघा. बाकी सगळं या एका दोरीला आपोआप ओवलं जातं.

आधी नकाशा, आणि हातात पेन्सिल

मोबाईलवर नको, कागदावर प्रिंट काढा. मोझांबिक म्हणजे समुद्रकाठाने लांबलचक पसरलेला देश, किनारा जवळपास २,५०० किलोमीटर. वर उत्तरेला रोवुमा नदी, तिच्या पलीकडे टांझानिया. राजधानी मापुतो मात्र पार खाली दक्षिणेच्या टोकाला, दक्षिण आफ्रिकेच्या कुशीत. मध्ये आडवी झांबेझी. आता पेन्सिलने तीन रेल्वेमार्ग काढा, मापुतोहून दक्षिण आफ्रिकेकडे, बेइराहून आताच्या झिम्बाब्वेकडे आणि नाकालाहून मलावीकडे. तिन्ही आडवे! पोर्तुगीजांना बंदरं चालवायची होती, शेजारच्या ब्रिटिश मुलखांचा माल समुद्रापर्यंत आणायचा होता, त्यामुळे देशाच्या वरच्या टोकाला खालच्या टोकाशी जोडणारी रेल्वे त्यांनी कधी बांधलीच नाही. किनाऱ्याकडच्या मुख्य हमरस्त्यावर काया इथे झांबेझीवर पूल झाला तो २००९ साली, तोपर्यंत फेरीबोट.

आता उत्तरेला काबो देलगादो आणि नियासा या दोन प्रांतांभोवती गोल काढा. युद्ध पेटलं ते इथे. मोठी शहरं, नोकऱ्या, गोरी वस्ती सगळी दक्षिणेला आणि लढाई उत्तरेच्या रानात, ही गोष्ट डोक्यात पक्की बसवा कारण पुढची निम्मी भांडणं यातूनच निघतात. पुढे झांबेझीच्या खोऱ्यात तेते प्रांतात १९६८ पासून आणि मध्य भागात १९७२ पासून लढाई पोचली, पण मापुतोच्या रस्त्यांवर हे युद्ध कधी आलंच नाही. दक्षिणेतल्या लाखो लोकांनी आपल्या मुक्तिसैनिकाला पहिल्यांदा बघितलं ते युद्ध संपल्यावर.

आणि उत्तरच का, तर टांगानिका (म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भाग) डिसेंबर १९६१ ला स्वतंत्र झाला आणि तिथले नेते नायरेरे यांनी दार उघडं ठेवलं म्हणून. मलावीचा नेता बांडा पोर्तुगीजांशी जुळवून होता, ऱ्होडेशिया (आजचं झिम्बाब्वे) आणि दक्षिण आफ्रिका गोऱ्यांच्या हातात, मग पाठ टेकायला दुसरी जागा होतीच कुठे.

युद्धाआधीचं फार वाचत बसू नका, पण तीन शब्द माहीत हवेत

पहिला शिबालो, म्हणजे वेठबिगार. रस्ता, मळा, बंदर, जिथे माणूस हवा तिथे धरून न्यायचे. दुसरा कापूस. १९३८ पासून शेतकऱ्याला सक्तीने कापूस लावायला लागायचा, भाव कंपनी ठरवणार, आणि घरच्या खाण्याचं पीक मागे पडलं तर तुमचं तुम्ही बघा. (विदर्भातल्या वाचकांना हे जास्त सांगायला नको, तिथे सक्ती बाजाराची होती, इथे बंदुकीची.) तिसरा असिमिलादो, म्हणजे पोर्तुगीज शिकून, त्यांच्यासारखं राहून, कागदोपत्री 'सुधारलेला' ठरलेला काळा माणूस. असे लोक अगदी मूठभर, बाकी सगळे 'नेटिव्ह', त्यांना वेगळा कायदा. हा कायदा आणि कापसाची सक्ती दोन्ही १९६१ मध्ये रद्द झाली, पण तोवर फार उशीर झाला होता. दक्षिणेतले बाप्ये पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत जायचे, त्यांच्या पगाराचा एक हिस्सा सोन्याच्या रूपात पोर्तुगीज सरकारला मिळायचा, हेही वहीत टिपून ठेवा.

लिस्बनने, म्हणजे पोर्तुगालच्या सरकारने, १९५१ ला वसाहतींचं नावच बदललं, 'समुद्रापारचे प्रांत' म्हणायला लागले. म्हणजे वसाहतच नाही तर स्वातंत्र्य कसलं मागता! गोव्याबद्दल पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार नेमकं हेच म्हणायचा.

आकडा दिसला की थांबा

१६ जून १९६० ला मुएदा गावात, मकोंदे लोकांच्या पठारावर, लोक प्रशासकाच्या कचेरीसमोर जमले, मागण्या मांडायला, आणि सैनिकांनी गोळ्या झाडल्या. किती मेले? फ्रेलिमोच्या (पुढे स्वातंत्र्याचा लढा चालवणारी आणि मग सत्तेत आलेली संघटना) इतिहासात आकडा ६०० चा येतो, नंतर काही संशोधकांनी कागदपत्रं तपासून तो खूपच खाली आणला. आता नवशिका वाचक इथे दोनपैकी एक चूक करतो, एकतर ६०० लिहून मोकळा होतो किंवा 'बघा, सगळा प्रचार होता' म्हणून फाइल बंद करतो. मी काय करतो, घटना आणि तिचा वापर हे दोन वेगळे कागद ठेवतो. गोळीबार झाला, माणसं मेली, हा एक कागद. आणि मुएदा हे नाव पुढे 'शांततेने मागून काही मिळत नाही' याचा पुरावा म्हणून दरवर्षी सांगितलं गेलं, हा दुसरा. देश कसा घडला हे कळायला दुसरा कागद जास्त उपयोगी पडतो. विरियामुला पण हेच करा, तेते प्रांतात १६ डिसेंबर १९७२ ला पोर्तुगीज सैन्याने केलेली कत्तल, जी पुढच्या वर्षी जुलैमध्ये लंडनच्या टाइम्समध्ये छापून आली आणि पोर्तुगालची जगभर छी-थू झाली.

फ्रेलिमो: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

२५ जून १९६२, दार-एस-सलाम. परदेशात राहून काम करणाऱ्या तीन संघटना एकत्र येऊन फ्रेलिमो झाली, अध्यक्ष एदुआर्दु मोंडलाने, दक्षिणेतल्या गाझा प्रांतातला माणूस, अमेरिकेत शिकून डॉक्टरेट केलेला, युनोत नोकरी केलेला, सिरॅक्यूजला प्रोफेसर. दोन वर्षांनी २५ सप्टेंबर १९६४ ला काबो देलगादोतल्या शाई या गावातल्या पोर्तुगीज ठाण्यावर हल्ला झाला (इंग्रजीत स्पेलिंग आपल्या चहासारखं दिसतं, फसू नका) आणि सशस्त्र लढा सुरू.

इथून पुढे चकमकी वाचू नका. मुक्त प्रदेश वाचा.

म्हणजे काय तर काबो देलगादो आणि नियासाच्या ज्या भागातून पोर्तुगीज मागे हटले तिथे लाखो माणसं उरली होती, आणि त्यांना मीठ हवं होतं, कापड हवं होतं, साबण हवा होता. पूर्वी हे सगळं पोर्तुगीज नाहीतर आपल्याच गुजराती दुकानदाराकडून मिळायचं, तो आता पळालेला. मग फ्रेलिमोने लोकांची दुकानं काढली, शेतकऱ्याकडून काजू, शेंगदाणा, तीळ घ्यायचा, डोक्यावरून वाहून रोवुमापार टांझानियात विकायचा आणि तिकडून मीठ-कापड आणायचं. झाडाखाली शाळा, दवाखाने, सामुदायिक शेतं. १९६७ ला बायकांची सैनिकी तुकडी, जी सुरुवातीला जुन्या लोकांना अजिबात रुचली नाही. युद्ध चालू असतानाच एक छोटं सरकार चालवायची वेळ आली, आणि सरकार चालवायला लागल्यावर भांडणंही सरकारसारखीच सुरू झाली.

भांडण असं. काबो देलगादोतला प्रमुख लाझारो न्कावांदामे, मकोंदेंमधला वजनदार माणूस, व्यापाराची सूत्रं त्याच्याकडे, त्याच्यावर आरोप झाला की तू लोकांच्या दुकानातून स्वतःची तुंबडी भरतोस. त्याचं म्हणणं, लढतोय आम्ही उत्तरेचे, मरतोय आम्ही, आणि हुकूम सोडताय तुम्ही दक्षिणेतले शिकलेले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं असं मला वाटतं, पण फ्रेलिमोने याला नाव दिलं 'दोन वाटांचा संघर्ष', एक क्रांतीची वाट आणि एक नव्या शोषकांची. म्हणजे मतभेद राहिलाच नाही, गद्दारी झाली! ही सवय इथे लागली, अधोरेखित करा. ३ फेब्रुवारी १९६९ ला दार-एस-सलाममध्ये पार्सल बॉम्बने मोंडलाने मारला गेला, त्यानंतर थोड्याच दिवसांत न्कावांदामे पोर्तुगीजांना जाऊन मिळाला, उपाध्यक्ष उरिया सिमांगोला आधी तिघांच्या नेतृत्वात घेतलं मग हाकललं, आणि १९७० ला सैन्याचा प्रमुख सामोरा माशेल अध्यक्ष झाला. (नाव आपल्या गोव्यातल्या माशेल गावासारखंच ऐकू येतं, काहीएक संबंध नाही, पण लक्षात राहायला बरं.)

माशेल मुळात नर्स. दक्षिणेचा, शेतकऱ्याच्या घरचा, शिस्तीचा कडक, बोलायला लागला की तासन्‌तास बोलणारा. टांझानियातल्या नाशिंग्वेआच्या छावणीत सगळ्या जमातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र शेती, एकत्र कवायत, भाषा पोर्तुगीज, टोळीचं नाव काढायचं नाही. छावणीत हे छान चाललं. आणि माशेल आणि त्याच्या माणसांना मनापासून असं वाटायला लागलं की अख्खा देश असा चालवता येईल. पुढचं सगळं या एका समजुतीतून आलंय, असं माझं मत, पटलं नाही तर वाद घाला.

१९७० ला पोर्तुगीज सेनापती काउल्झा द आरियागाने ३५ हजार सैनिक घेऊन 'गॉर्डियन गाठ' नावाची मोठी मोहीम काढली, काही महिने उत्तर पिंजून काढली, तळ उद्ध्वस्त केले. गनिमी कावा म्हणजे काय हे आपल्याला नव्याने सांगायला नको, फ्रेलिमो बाजूने निसटली आणि तेतेत, काहोरा बासा धरणाच्या आसपास जाऊन उगवली.

शेवट नीट बघा, कारण तो मापुतोत झालाच नाही

शेवट झाला लिस्बनमध्ये. तीन आफ्रिकी युद्धं एका वेळी लढून (अंगोला, गिनी-बिसाऊ आणि हे) पोर्तुगीज सैन्यातले कॅप्टन-मेजर वैतागले होते आणि २५ एप्रिल १९७४ ला त्यांनी आपलंच सरकार उलथवलं, लोकांनी बंदुकांच्या नळीत कार्नेशनची फुलं खोचली ती हीच घटना. म्हणजे बघा, वसाहतीतल्या युद्धाने वसाहतीचाच देश नवा झाला असं नाही, मालकाचा देशही नवा झाला, पोर्तुगालला लोकशाही या युद्धांच्या थकव्यातून मिळाली. हे वाक्य प्रोजेक्टमध्ये टाका, मास्तर खूश.

७ सप्टेंबर १९७४ ला लुसाका करार झाला आणि सत्ता थेट फ्रेलिमोच्या हाती द्यायची ठरली. निवडणूक नाही! दुसरा पक्ष नाही. त्याच दिवशी राजधानीत काही गोऱ्यांनी रेडिओ केंद्र ताब्यात घेतलं, दंगे झाले, ते निभावलं. मग २० सप्टेंबरपासून फ्रेलिमोच्या जोआकिम शिसानोचं हंगामी सरकार, आणि मे १९७५ च्या अखेरीस माशेल रोवुमापासून निघाला तो गावोगाव सभा घेत महिन्याभराने राजधानीत पोचला. 'रोवुमापासून मापुतोपर्यंत' ही घोषणा तिकडे अजून देतात. तुमच्या नकाशावर ही रेघ पेन्सिलने ओढा, वरून खाली. रेल्वेने जे कधी जोडलं नव्हतं ते एका माणसाच्या प्रवासाने जोडायचा प्रयत्न होता तो. २५ जून १९७५, स्वातंत्र्य. तारीख मुद्दाम फ्रेलिमोच्या वाढदिवसाची निवडली, म्हणजे देशाचा आणि पक्षाचा जन्म एकाच दिवशी, आता पक्षाला नावं ठेवली की देशाला ठेवल्यासारखं.

आणि मग दोनेक लाख पोर्तुगीज भराभर निघून गेले. काहींना तर २४ तासांत २० किलो सामान घेऊन चालते व्हा असा हुकूम होता, '२४-२०' म्हणून तो तिकडे प्रसिद्ध आहे. डॉक्टर, इंजिनड्रायव्हर, हिशेबनीस, दुकानदार, सगळे गेले. जाताना काहींनी यंत्रं मोडली. मागे उरली नव्वद टक्क्यांहून जास्त निरक्षर जनता आणि छावणीत देश चालवायला शिकलेले लोक.

आता झेंडा, कॅलेंडर आणि रस्त्यांच्या पाट्या

हा भाग मजेचा आहे, एका संध्याकाळीत होतो. झेंडा उघडा, त्यावर पुस्तक, कुदळ आणि संगीन लावलेली एके-४७. लोक हसतात, मीम बनवतात, पण तुम्ही मुक्त प्रदेश वाचून आला असाल तर हसू येणार नाही कारण ही तीन चित्रं म्हणजे त्या जंगलातल्या दिवसाचं टाइमटेबल आहे, अभ्यास, शेती, पहारा. २००५ ला झेंडा बदलायची स्पर्धाही घेतली होती, बंदूक काढा अशी विरोधकांची मागणी होती, शेवटी काही झालं नाही, बंदूक तिथेच.

मग सुट्ट्या बघा. ३ फेब्रुवारी वीरांचा दिवस, म्हणजे मोंडलानेचा स्मृतिदिन. ७ एप्रिल महिलांचा दिवस, त्या दिवशी १९७१ मध्ये जोसिना माशेल वारली, महिला तुकडीतली, सामोराची बायको, वय २५. २५ जून, ७ सप्टेंबर, २५ सप्टेंबर, तुम्हाला आता पाठच झाले असतील. एका पक्षाच्या दहा-बारा वर्षांच्या आयुष्यातून देशाचं कॅलेंडर बनलंय. इतिहासाच्या सुट्ट्यांत एकच वेगळी, ४ ऑक्टोबर, शांततेचा दिवस, तिच्याकडे येतोच.

मापुतोचा नकाशा झूम करा आणि पाट्या वाचा: एदुआर्दु मोंडलाने, ज्युलियस नायरेरे, हो ची मिन्ह, कार्ल मार्क्स, लेनिन, माओ. मला सगळ्यात आवडते ती २४ जुलै नावाची अव्हेन्यू. हे नाव पोर्तुगीजांच्या काळापासूनचं, २४ जुलै १८७५ च्या निवाड्याने हा उपसागर ब्रिटिशांऐवजी पोर्तुगालला मिळाला त्याची आठवण. स्वातंत्र्यानंतर २४ जुलै १९७५ ला दवाखाने, शाळा, वकिली सगळ्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर झालं आणि पाटी बदलायची गरजच उरली नाही. तीच तारीख, अर्थ मात्र पार उलटा.

भाषेचा प्रश्न विचाराच

आपल्याला हे विचित्र वाटतं की पोर्तुगीजांशी दहा वर्षं लढून यांनी राजभाषा पोर्तुगीजच ठेवली. आपण भाषावार राज्यांसाठी रस्त्यावर उतरलेली माणसं, १०६ हुतात्मे मोजणारी. पण तिथे माखुवा, सेना, शांगान, मकोंदे अशा कितीतरी भाषा, त्यातली कुठलीही एक घेतली की बाकीचे म्हणणार तुमचं राज्य आलं. छावणीत पोर्तुगीजने भागलं होतं, म्हणून देशातही तीच. १९८० च्या जनगणनेत पोर्तुगीज मातृभाषा सांगणारे साधारण एक टक्का होते, २०१७ ला सोळा टक्क्यांच्या वर गेले. मालकाची भाषा मालक गेल्यावर जास्त पसरली. शाळेत मातृभाषा यायला मात्र बराच उशीर झाला.

टोळी हा शब्दही असाच. राष्ट्र जगायचं तर टोळी मेली पाहिजे अशा अर्थाची घोषणा होती. गावच्या मुखियांना काढून टाकलं कारण ते पोर्तुगीजांचे करवसुलीदार होते, हे खरंच होतं, पण गावाचे तंटे आणि पावसाची पूजाअर्चा पण तेच बघायचे, त्याचं काय? त्यांच्या जागी पक्षाच्या समित्या. २००० साली सरकारला अशा पारंपरिक प्रमुखांना परत मान्यता द्यावी लागली.

हरलेल्यांची वही वेगळी करा

हे सगळ्यात अवघड आणि इथेच बहुतेक लोक कंटाळतात, प्लीज कंटाळू नका.

पोर्तुगीज सैन्यात शेवटी शेवटी निम्म्याहून जास्त सैनिक स्थानिक काळे होते. मग स्वातंत्र्य आलं तेव्हा हे सगळे कुठे गेले? त्यांना आणि जुन्या राजवटीत काम केलेल्या इतरांना नाव पडलं 'कॉम्प्रोमेतिदो', म्हणजे हात बरबटलेले. १९७८ नंतर कामाच्या ठिकाणी त्यांचे फोटो आणि त्यांनी काय काय केलं ते लिहून भिंतीवर लावायचे, माफी मागून सुधारलात असं दिसलं की मग सुटका. १९८२ मध्ये माशेलने अशा लोकांची मोठी सभाच घेतली आणि तो विषय संपवला. कत्तल केली नाही, हे त्याच्या खात्यावर नक्की मांडा. पण पुनर्शिक्षण छावण्याही होत्या, तिथे खटल्याशिवाय माणसं पाठवली जायची, आणि उरिया सिमांगो, एकेकाळचा उपाध्यक्ष, त्याला आणि त्याच्या बायकोला अशाच कैदेत असताना मारलं गेलं, घरच्यांना ना तारीख ना थडगं. त्यांचा मुलगा डाविझ पुढे बेइराचा महापौर झाला आणि त्याने २००९ मध्ये स्वतःचा विरोधी पक्ष काढला. जंगलातलं भांडण दुसऱ्या पिढीच्या मतपत्रिकेवर आलं ते असं.

गावांचं पण बघा. युद्धात पोर्तुगीजांनी लोकांना फ्रेलिमोपासून तोडायला उचलून तारेच्या कुंपणातल्या वस्त्यांत कोंबलं होतं. स्वातंत्र्यानंतर फ्रेलिमोने सामुदायिक गावांची योजना काढली आणि काबो देलगादोत यातली कितीतरी गावं म्हणजे त्याच जुन्या वस्त्या, नाव नवं. लोकांना आपल्या जुन्या शेताजवळ, पूर्वजांच्या थडग्यांजवळ परत जायचं होतं, ते राहिलंच. १९८३ ला शहरातल्या 'बिनकामाच्या' लोकांना धरून लांब नियासात शेतीला पाठवलं, विमानात बसवून! छावणीत आळशी पोराला कुदळ देतात तसं.

या सगळ्या रागावर रेनामो वाढली, फ्रेलिमो सरकारविरुद्ध लढणारी सशस्त्र संघटना. आता इथे तोल सांभाळा, कारण रेनामो जन्माला घातली ती ऱ्होडेशियाच्या गुप्तहेर खात्याने, १९८० नंतर दक्षिण आफ्रिकेने पोसली आणि तिने गावं जाळली, शाळा-दवाखाने पाडले, पोरांना सैनिक केलं, यात काही शंका नाही. तरी पण नुसत्या परक्या पैशावर संघटना पंधरा वर्षं टिकत नाही, मध्य भागात तिला जे लोक मिळाले ते मुखिया गेल्याने, गाव हलवल्याने, दक्षिणेच्या राज्याने चिडलेले होते. दोन्ही वाक्यं एकाच परिच्छेदात लिहायला शिकलात की हा विषय जमला समजा. १९७७ ते १९९२ हे युद्ध चाललं, दुष्काळ आणि भूक धरून साधारण दहा लाख माणसं गेल्याचं मानतात, म्हणजे स्वातंत्र्ययुद्धापेक्षा कितीतरी पटीने जास्त. रोममध्ये ४ ऑक्टोबर १९९२ ला करार झाला, तीच ती वेगळी सुट्टी. रेनामोचा नेता ध्लाकामा २०१८ ला वारला तेव्हा त्याला पुरलं त्याच्या गावी, मांगुंडेला. मापुतोत वीरांच्या चौकात जागा आहे ती मोंडलाने-माशेलच्या वाटेने आलेल्यांना.

गोव्याचा धागा

मराठी-कोंकणी वाचकाला इथे एक शॉर्टकट आहे. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालायचा, गव्हर्नर आपल्या व्हाइसरॉयच्या हाताखाली. एप्रिल १९६१ मध्ये पोर्तुगीज वसाहतींमधल्या चळवळींनी कासाब्लांकाला एक समन्वय परिषद केली, तीत अंगोला-मोझांबिकबरोबर गोवेकरही होते. त्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्त झाला, आणि त्याचा राग सालाझारने मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांवर काढला, छावण्यांत टाकलं, मालमत्ता गोठवली, देशाबाहेर काढलं. पोर्तुगीज पासपोर्टवाले गोवेकर मात्र राहिले, आमचे काका त्यातलेच, आणि या एका फरकावर ते शेवटपर्यंत अस्वस्थ असायचे.

एक नाव जरूर शोधा, आकिनो द ब्रागांसा. १९२४ साली बार्देशात जन्म, पत्रकार, अभ्यासक, माशेलचा जवळचा सल्लागार, मापुतोच्या एदुआर्दु मोंडलाने विद्यापीठातल्या आफ्रिकी अभ्यास केंद्राचा प्रमुख. १९८२ मध्ये त्याच केंद्रात पार्सल बॉम्बने रूथ फर्स्ट (दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध लढणारी अभ्यासक) मारली गेली तेव्हा तो जखमी होऊन वाचला. १९ ऑक्टोबर १९८६ ला मात्र दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत म्बुझिनीच्या टेकडीवर विमान कोसळलं त्यात माशेलबरोबर गेला. होझे ऑस्कार मोंतेरो पण गोवेकर आईबापांचा, फ्रेलिमोचा मंत्री. गोवा मुक्त व्हायला जेमतेम दोन दिवस लागले आणि यांना दहा वर्षं, हा फरक या माणसांच्या डोळ्यांतून वाचला की वेगळाच दिसतो.

शेवटची संध्याकाळ: परत तोच नकाशा

पेन्सिल घ्या. शाई, मुएदा या गावांभोवतीचा सुरुवातीचा गोल अजून असेल. आता त्याच काबो देलगादोत मोसिंबोआ दा प्राया शोधा, ५ ऑक्टोबर २०१७ ला तिथे पोलीस ठाण्यांवर हल्ले झाले आणि नवं बंड सुरू झालं, यावेळी जिहादी गटाचं. जरा वर पाल्मा, मार्च २०२१ मध्ये तिथे मोठा हल्ला झाला आणि समुद्रातल्या गॅसचा प्रचंड प्रकल्प ठप्प पडला. त्या गॅसच्या क्षेत्रात आपल्या सरकारी तेल कंपन्यांचा मिळून ३० टक्के वाटा आहे, ओएनजीसी विदेश, भारत पेट्रोलियम, ऑइल इंडिया, म्हणजे डाळीवरून सुरू केलं होतं ते गॅसपर्यंत आलंच. २०१५ ते २०२५ राष्ट्राध्यक्ष असलेला फिलिप न्युसी हा मुएदाचाच मकोंदे, आईबाप दोघेही फ्रेलिमोच्या लढ्यातले, त्याच्या काळात त्याचाच प्रांत पेटला. जानेवारी २०२५ ला आलेला डॅनियल शापो १९७७ चा, स्वातंत्र्यानंतर जन्मलेला पहिला राष्ट्राध्यक्ष, पक्ष अर्थातच फ्रेलिमो, आणि त्याच्या निवडणुकीनंतर महिनोन्‌महिने मापुतोचे रस्ते आंदोलनाने भरले होते, तेच रस्ते जिथे जुनं युद्ध कधी पोचलं नव्हतं.

कागद जपून ठेवा, गिनी-बिसाऊ घ्याल तेव्हा शेजारी ठेवून बघायला लागेल.